पुढे पळवलेला प्रसंग

दिवाळीच्या सुटीत नातू आठ दिवस आमच्याकडे राहावयास आला होता. वय वर्षे १४. दिवसाचा बराचसा वेळ तो मोबाइलवर एक खेळ खेळत असे. त्यात एकटाच सैनिक, पाठीवर पिशवी, हाती बंदूक आणि समोर मोजता येणार नाहीत इतके शत्रू. एके दुपारी शेजारी बसून मी विचारले, "याचे नाव काय रे?" मान वर न करता तो म्हणाला, "नाव नसते आजोबा, नुसता सोल्जर असतो." मी म्हटले, "आमच्या वेळी त्याला नाव होते. रॅम्बो." नाव त्याने ऐकले होते, चित्रपट पाहिला नव्हता. त्याने दोन मिनिटांत तो शोधून टीव्हीवर लावला. आमच्या सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातूनच बजावले, "कापाकापी आली की बंद करायचे हं!" मी छातीठोकपणे सांगितले, "सगळी कापाकापीच आहे, पण मला पाठ आहे. आधीच डोळे मिटायला सांगेन."

मला पाठ आहे, असे मी म्हणालो खरे. वाचकहो, ते किती खोटे होते, त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

आमच्या वडिलांचे आडत दुकान. घरात चित्रपटाला जवळजवळ बंदी. धार्मिक कथानक असेल तर वर्षातून एखादा, तोही काकांच्या सोबतीने. त्यामुळे माझे चित्रपटांचे बालपण बँकेत लागल्यावर, म्हणजे वयाच्या बाविसाव्या वर्षी सुरू झाले, असे म्हणावयास हरकत नाही. १९८६च्या उन्हाळ्यात रजेवर गावी गेलो, तेव्हा पेठेत व्हिडिओचे पेव फुटले होते. कोणी तरी जिल्ह्याच्या गावाहून टीव्ही, व्हीसीआर आणि चार कॅसेटी एका रात्रीच्या भाड्याने आणीत असे, आणि गोदामातील पोती एका बाजूला रचून चाळीस-पन्नास माणसांची बैठक जमत असे. मोठ्यांकडून दोन रुपये, पोरांना फुकट. वडील रात्री नऊला निजत असत आणि गोदाम दुसऱ्याचे होते, एवढ्या दोन सवलतींवर मी आणि माझे पाच पुतणे त्या मैफलीला हजर राहिलो.

कॅसेट इंग्रजी होती. बैठकीत एम.कॉम. झालेला मी एकटाच, त्यामुळे दुभाषाची जागा आपोआप माझ्याकडे आली. माझे इंग्रजी ताळेबंद आणि कंपनी कायद्याचे. अमेरिकन माणूस तोंडातल्या तोंडात काय बोलतो, त्यातील दहा शब्दांपैकी एखादा कळे. उरलेले नऊ मी पदरचे घालीत असे. पोलीस अधिकारी पडद्यावर आला, तेव्हा मी सांगितले की हा गावचा गुंड आहे, पोलिसाच्या वेषात राहतो. पोरांनी विश्वास ठेवला. शेवटी तो धिप्पाड नायक भिंतीला टेकून खाली बसला आणि बोलू लागला. बोलतच राहिला. बैठकीत चुळबुळ सुरू झाली. "काय म्हणतो हो हा?" मागून प्रश्न आला. मला एक अक्षर कळत नव्हते. मी म्हटले, "तो म्हणतोय, मी कोणालाही सोडणार नाही." तेवढ्यात कोणी तरी ओरडले, "पुढे घ्या, पुढे घ्या!" व्हिडिओवाल्याने बटण दाबले, पडद्यावर आडव्या रेघा आल्या, नायक वेड्यासारखे हातवारे करीत भराभर हलला आणि चित्रपट संपला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर चार-सहा महिन्यांनी त्याच गोदामात दुसरा भाग पाहिला. तो धनुष्यबाणाचा, स्फोट होणाऱ्या बाणांचा, उघड्या छातीचा. आमच्या स्मृतीत दोन्ही चित्रपट एकमेकांत मिसळले आणि अधिक आवाज करणाऱ्याने दुसऱ्याला गिळून टाकले. पुतण्यांनी जत्रेतून पोकळ मुठीचे खोटे चाकू आणले. बँकेत एखादा शिपाई जरा तावातावाने बोलला, की आम्ही त्याला रॅम्बो म्हणू लागलो. हे नाव माझ्या तोंडी इतकी वर्षे होते आणि त्या माणसाने काय केले, हे मला ठाऊकच नव्हते.

आता मूळ चित्रपट. नाव 'फर्स्ट ब्लड'. अमेरिकेत २२ ऑक्टोबर १९८२ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शक टेड कोचेफ, नायक सिल्व्हेस्टर स्टॅलोन. डेव्हिड मोरेल या लेखकाच्या १९७२ सालच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. हे मोरेल मूळचे कॅनडाचे, पुढे अमेरिकेत आयोवा विद्यापीठात साहित्याचे प्राध्यापक. चित्रीकरणही कॅनडातच, ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील होप नावाच्या डोंगराळ गावी झाले. कथेत मात्र ते गाव अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात दाखवले आहे.

आरंभी एक तरुण पाठीवर पथारी टाकून तळ्याकाठच्या एका घराकडे चालत येतो. अंगणात एक कृष्णवर्णीय बाई कपडे वाळत घालीत आहे. तरुण हसतमुख आहे. व्हिएतनामच्या युद्धात सोबत असलेल्या मित्राचा पत्ता शोधत तो आला आहे. खिशातून तो तुकडीचे छायाचित्र काढून दाखवतो. ती बाई सांगते की तो गेला. कर्करोग झाला, तिकडे जे विषारी औषध फवारीत असत, त्याने. शेवटी शेवटी इतका हलका झाला होता, की मी त्याला चादरीवरून उचलू शकत असे. तरुण ते छायाचित्र तिच्या हाती देतो आणि चालू लागतो. त्या तुकडीतील तो शेवटचा उरलेला.

हा प्रसंग १९८६ साली मी पाहिला असणारच, परंतु त्यातील काहीही मला आठवत नव्हते. नातू म्हणाला, "हे औषध खरेच होते का?" होते. झाडांची पाने गळून शत्रूला लपावयास जागा राहू नये, म्हणून अमेरिकेने व्हिएतनामच्या अरण्यांवर विमानांतून तणनाशके फवारली. त्यातील 'एजंट ऑरेंज' हे सर्वांत कुप्रसिद्ध. त्याने तेथील शेतकऱ्यांच्या पिढ्या बाधित झाल्या आणि फवारणाऱ्यांच्या बाजूचे सैनिकही. त्या सैनिकांनी रसायन कंपन्यांवर दावा केला. तो १९८४ साली १८ कोटी डॉलरांवर मिटला. चित्रपट त्याआधी दोन वर्षांचा, हे ध्यानात घ्यावे.

मग तो तरुण गावात येतो आणि पोलीस प्रमुख त्याला गाठतो. शेरीफ टीझल. ज्याला मी गुंड म्हणून सांगितले होते, तो हाच. ब्रायन डेनेही या नटाने ही भूमिका केली आहे आणि आता पाहताना माझी नजर नायकावरून वारंवार त्याच्याकडेच वळत होती. टीझल गुंड नाही. सकाळी कचेरीतून बाहेर पडताना येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करतो, हसून बोलतो. अंगावर इस्त्रीचा गणवेश. गावाबद्दल त्याला माया आहे. वाढलेले केस आणि सैनिकी कोट अशा वेषातील अनोळखी माणूस पाहून तो गाडी थांबवतो, त्याला गाडीत बसवतो आणि गोड बोलून गावाबाहेर नेऊन सोडतो. खावयास कोठे मिळेल, असे विचारल्यावर ३० मैलांवरचे उपाहारगृह सांगतो. गाडीत बोलता बोलता तो म्हणतो, की हे गाव लोकांना कंटाळवाणे वाटते, पण ते तसेच ठेवण्यासाठीच मला पगार मिळतो.

या वाक्याला मी नातवाच्या हातून रिमोट घेतला आणि चित्रपट थांबवला. पाणी पिऊन आलो. त्याला वाटले, आजोबा थकले.

पुढची गोष्ट नातवाला आवडली. पुलापलीकडे सोडलेला तरुण माघारी वळतो. तेवढाच त्याचा गुन्हा. त्याला भटका म्हणून पकडतात, कोठडीत एक उर्मट हवालदार त्याला मारझोड करतो, थंड पाण्याचा फवारा सोडतो. मग दोघे त्याला धरून वस्तरा चेहऱ्याजवळ आणतात. त्या पात्यासरशी त्याला शत्रूच्या छावणीतील छळ आठवतो आणि तो सर्वांना उडवून, एक मोटारसायकल हिसकावून डोंगरात पळतो. डोंगरात मात्र तो त्या सर्वांचा गुरू. स्वतःच्या दंडावरची जखम तो चाकूच्या मुठीतून काढलेल्या सुईदोऱ्याने शिवतो, त्या वेळी सौभाग्यवती येऊन कोचावर बसल्या होत्या. त्यांनी डोळे मिटले नाहीत. "टाके सरळ नाहीत" एवढेच म्हणाल्या.

चित्रपट अर्ध्याच्या पुढे गेला असेल. नातू अचानक म्हणाला, "आजोबा, याने अजून कोणालाच मारले नाही."

मी म्हटले, मारले असेल, नीट पाहा. तो हेलिकॉप्टरमधून पडला तो? पण तो मनुष्य वरिष्ठांचा हुकूम मोडून, पट्टा सोडून, कड्यावर लटकणाऱ्या निःशस्त्र माणसावर गोळ्या झाडीत होता. याने जीव वाचवण्यासाठी दगड भिरकावला, काच तडकली, वैमानिकाचा तोल गेला आणि तो पडला. त्यानंतर हा हात वर करून सांगतो, की एक मेला, माझा दोष नाही, आता आणखी कोणाला इजा नको. उत्तरादाखल गोळ्या येतात. मग जंगलात तो एकेकाला गाठतो, जायबंदी करतो आणि सोडून देतो. टीझलच्या गळ्याला पाते लावून बजावतो, की हे आता सोडून दे. आणि अंधारात नाहीसा होतो. आम्ही शेवटपर्यंत मोजत बसलो. संपूर्ण चित्रपटात एकच माणूस मरतो आणि तोही असा.

मोरेल यांच्या मूळ कादंबरीत तसे नाही. तेथे तो अनेकांना ठार करतो आणि अखेरीस स्वतःही मरतो. चित्रपटाच्या वेळी नायक मरतो असा शेवट चित्रित झालाही होता, परंतु चाचणीच्या खेळास आलेल्या प्रेक्षकांना तो रुचला नाही आणि बदलला गेला. कर्नलची भूमिका आधी कर्क डग्लस करणार होते. नायक मेलाच पाहिजे असा त्यांचा आग्रह. ते सोडून गेले आणि रिचर्ड क्रेना आले. नायक जिवंत राहिला म्हणून दुसरा भाग निघाला आणि त्या भागात मात्र माणसे किड्यामुंग्यांसारखी पडली. अर्थात किड्यामुंग्यांसारखी हा शब्दप्रयोग आपण वापरावा की नाही, हा वेगळा प्रश्न आहे.

आपल्या पाठशाळेत संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे चार प्रकार शिकवीत असत. संसारी गृहस्थाला स्वतःच्या रक्षणासाठी घडणारी विरोधी हिंसा सर्वस्वी टळत नाही, संकल्पी मात्र त्याने टाळलीच पाहिजे, असा तो भेद. नातवाला तो समजावून सांगताना मला वाटले, की याहून सोपे उदाहरण मला पाठशाळेत मिळाले नव्हते. परंतु लगेच हिशेब पुरा करावा लागला. एकच मृत्यू असे सांगणारे सारे माणसांपुरते मोजतात. माग काढणारी कुत्री त्याच्या गोळ्यांना बळी पडतात, रानडुक्कर मारून तो भाजतो. आपल्या वहीत त्या नोंदी घ्याव्याच लागतील. नातू म्हणाला, "मग चार-पाच म्हणा." तसे म्हणू.

पाठलागावर आलेल्या राखीव दलाच्या जवानांचा एक प्रसंग विनोदी आहे आणि दुःखदही. ही सारी गावातील नोकरीधंद्याची माणसे, सुटीच्या दिवशी गणवेश घालणारी. एकाला उद्या औषधाच्या दुकानात हजर व्हायचे आहे, म्हणून खाणीत शिरणे त्याला परवडत नाही. मग ते दुरूनच खाणीच्या तोंडावर अग्निबाण सोडतात आणि ढिगाऱ्यापुढे उभे राहून छायाचित्र काढून घेतात. आपल्या व्यापारी मंडळींना यातील काही ओळखीचे वाटेल. वाईट माणसे नव्हेत ती. उद्या सकाळी नऊला दुकान उघडायचे आहे, एवढेच.

आणि मग तो शेवटचा प्रसंग आला, जो आम्ही पुढे पळवला होता. यावेळी खाली अक्षरे उमटत होती.

टीझल जखमी होऊन पडला आहे, सारे गाव अंधारात आहे, कचेरीला वेढा पडला आहे. कर्नल त्याला सांगतो की पुरे, संपले. आणि तो धिप्पाड माणूस बोलू लागतो. तो म्हणतो, की संपत नाही. तुम्ही सांगितलेत म्हणून मी गेलो. परत आलो तेव्हा विमानतळावर लोक शिव्या देत होते. तिकडे मी रणगाडे चालवीत असे, लाखो डॉलरांची यंत्रसामग्री माझ्या भरवशावर असे. इकडे मला मोटारी लावण्याचीसुद्धा नोकरी टिकत नाही. मग सायगावच्या एका मद्यगृहातील गोष्ट. एक पोरगा जोड्यांना पॉलिश करावयाची पेटी घेऊन आला. मित्र हो म्हणाला. पेटीत स्फोटके होती. मित्राच्या चिंध्या झाल्या आणि तो घरी जायचे आहे, माझी मोटार चालवायची आहे, असे ओरडत याच्या हातांत गेला. सात वर्षे झाली, मी रोज हेच पाहतो, असे सांगत तो कर्नलच्या छातीवर डोके ठेवून लहान मुलासारखा रडतो.

"तो म्हणतोय, मी कोणालाही सोडणार नाही." ३९ वर्षांपूर्वी मी केलेला अनुवाद.

नातू काही बोलला नाही. चित्रपट संपल्यावर तो गॅलरीत जाऊन उभा राहिला आणि मी मात्र १९९३ सालच्या एका शाखेत जाऊन पोहोचलो. टीझलच्या त्या वाक्याला मी उठलो होतो, ते याच शाखेमुळे.

सातारा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. त्या भागात घरटी एक जण फौजेत. मी कर्ज विभागाचा अधिकारी, वय ३१, व्यवस्थित भांग, व्यवस्थित वह्या. शाखेचा गनमॅन १९७१ची लढाई पाहिलेला निवृत्त हवालदार होता. त्याला आम्ही सारे हवालदारसाहेब म्हणत असू. त्या पावसाळ्यात पस्तिशीचा एक निवृत्त जवान पिठाच्या गिरणीसाठी कर्ज मागावयास आला. रक्कम ३५ हजार रुपये. जिल्हा सैनिक कार्यालयाचे पत्र त्याच्यापाशी होते. सातबारा भावाच्या नावावर, जामीनदार एकच, बेबाकी दाखला एका सोसायटीचा राहिलेला. मी काय काय कमी आहे ते कागदावर लिहून दिले. तो आठवड्याने एक दाखला घेऊन आला, मी दुसरा सांगितला. असा तो चार वेळा आला. नियमांच्या बाहेर मी एक शब्द बोललो नाही आणि आवाजही चढवला नाही. हे मी आज अभिमानाने सांगत नाही.

पाचव्या वेळी तो आला, त्या दिवशी सप्टेंबरअखेर होती. सहामाही बंद करण्याची गडबड. तो बाकावर बसून राहिला. अंगात फौजेचा हिरवा स्वेटर, दाढी वाढलेली. कॅश काउंटरवर शिक्का आपटला, की तो दचके. कोणी तरी बाहेरचे लोखंडी शटर अर्धे खाली ओढले, तेव्हा तो ताडकन उभा राहिला आणि भिंतीला पाठ लावून सगळीकडे पाहू लागला. आमचे एक मोठे खातेदार, रोज रोकड भरावयास येणारे, माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाले, "साहेब, हा मनुष्य कोण? आम्ही पैसे घेऊन येतो इथे." त्यांचे म्हणणे गैर नव्हते. मी हवालदारसाहेबांना बोलावून म्हटले, "त्यांना म्हणावं जरा बाहेर बसा, बोलावतो."

हवालदारसाहेबांनी मला एकदा पाहिले आणि ते गेले. काचेतून मला दिसले, की दोघे पायरीवर उभे आहेत आणि हवालदारसाहेबांनी समोरच्या टपरीवरून दोन चहा मागवले आहेत. मी पुन्हा वहीत डोके घातले. बोलावतो म्हणालो होतो, ते साडेपाचला आठवले. तोपर्यंत पायरी रिकामी झाली होती. तो पुन्हा आला नाही. त्याचा अर्ज 'अर्जदाराने पाठपुरावा केला नाही' या शेऱ्यासह फाइलला लागला. शेरा माझ्याच अक्षरात.

संध्याकाळी तिजोरीच्या किल्ल्या लावून झाल्यावर हवालदारसाहेब म्हणाले, "साहेब, तो शांतिसेनेत होता. जाफन्याला." मी "हो का?" म्हणालो. मला जाफना म्हणजे श्रीलंका, यापलीकडे काही सांगता आले नसते.

आता वाचून जे कळले, ते असे. जुलै १९८७मध्ये करार झाला आणि आपले सैन्य शांतता राखण्यासाठी म्हणून श्रीलंकेत गेले. ऑक्टोबरात ज्यांची शस्त्रे उतरवून घ्यावयाची होती, त्यांच्याशीच जाफन्यात लढाई जुंपली. दाट वस्ती, सुरुंग, ओळखू न येणारा शत्रू. सुमारे १,२०० भारतीय सैनिक तेथे मृत्यू पावले. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना २५ नोव्हेंबर १९८७ रोजी वीरमरण आले आणि मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. मार्च १९९०मध्ये शेवटची तुकडी मद्रासच्या बंदरात उतरली, तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागतास गेले नाहीत. त्यांची कारणे राजकीय होती आणि त्यात मी येथे शिरत नाही. परंतु जहाजावरून उतरणाऱ्या जवानाला राजकारण कोण समजावून सांगणार?

अमेरिकेने आपल्या ५८ हजार मृतांची नावे कोरलेली काळी भिंत राजधानीत उभारली, ती १३ नोव्हेंबर १९८२ रोजी. 'फर्स्ट ब्लड' चित्रपटगृहांत लागून तेव्हा तीन आठवडे झाले होते. युद्धाहून परतलेल्याला वर्षानुवर्षे तेच ते दिसत राहते, आवाजाने तो दचकतो, झोपत नाही, या अवस्थेला तेथील मानसोपचार तज्ज्ञांच्या संघटनेने १९८०मध्ये विकार म्हणून आपल्या ग्रंथात स्थान दिले. आपल्याकडे शांतिसेनेतील मृतांची नावे दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकावर आहेत. ते स्मारक फेब्रुवारी २०१९मध्ये झाले. जिवंत परतलेल्यांची नावे कोठेही कोरत नाहीत, तेथेही नाही आणि येथेही नाही.

पर्युषणानंतर दरवर्षी मी साडेतीनशे जणांना क्षमापनेचा संदेश पाठवतो. एकच मजकूर, एकाच वेळी सर्वांना. त्या यादीत जुन्या शाखेतील बरेच जण आहेत. तो नाही. त्याचे नाव मला आठवत नाही. आडनाव आठवते, पण त्या तालुक्यात त्या आडनावाची गावेच्या गावे आहेत.

हवालदारसाहेबांचा क्रमांक मात्र माझ्यापाशी आहे. नातू परत गेल्यावर मी त्यांना फोन लावला. आता पंचाहत्तरीच्या आसपास असतील. आवाज तसाच, परेडच्या मैदानावरचा. इकडचे तिकडचे झाल्यावर मी विचारले, "हवालदारसाहेब, ९३ साली सप्टेंबरअखेरच्या दिवशी गिरणीच्या कर्जासाठी तो शांतिसेनेतला जवान आला होता, आठवतो का? तुम्ही त्याला पायरीवर चहा पाजला होता."

ते थोडा वेळ थांबले. "नाय बा आठवत, साहेब," ते म्हणाले. "तसले लय यायचे. पायरीवर चा मी सगळ्यांनाच पाजायचो."

मग त्यांनी माझ्या साखरेची चौकशी केली, आणि गुडघ्यांची.